पायदळातला कोंबडा

एवाल्ड ब्र्युगेमानने दार उघडलं आणि समोर गेझीने टेरहोर्स्ट उभी पाहून तो चक्क एक पाऊल मागे सरला. वर्ष होत आलं, ही बाई त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. रस्त्यात समोरून येताना दिसली, तर तोच बिचारा मान खाली घालून पलीकडच्या कडेला जायचा. आणि आज ती त्याच्या दारात उभी, अंगात शिकारीचं जाकीट, पायात रबरी बूट, शेजारी तपकिरी-पांढरी कुत्री, आणि हातात त्याची स्वतःची हिरवी टोपी.

"घ्या काका, तुमची टोपी. माझ्या अंगणात राहिली होती."

"राहू द्यायची होतीस," एवाल्ड म्हणाला. "मला आता टोपीचं काय काम?"

"आज आहे. आज हाका आहे, चला."

"अगं, बंदूक विकली मी. परवानाही परत केला. माझ्यासारख्याने पुन्हा त्या रानात..." त्याची नजर कुत्रीवर गेली आणि वाक्य तिथंच अडलं.

"बंदूक आणा असं कोण म्हणतंय? हाकाऱ्यांत चालायचं. काठी घ्या, मफलर घ्या आणि निघा. मला उशीर आवडत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत."

हे खरं होतं. गेझीने बारा वर्षांची असताना याच माणसाने तिला बंदूक धरायला शिकवली होती. बाप दारूत बुडालेला, भाऊ नाही. एवाल्डकाका शाळेची बस चालवायचा आणि रविवारी तिला रानात न्यायचा. तिच्या पहिल्या कुत्रीचं नावही त्यानेच ठेवलेलं. अशा माणसाला गेल्या नोव्हेंबरात, स्वतःच्या अंगणात, ताज्या मातीच्या ढिगाऱ्यापाशी ती म्हणाली होती, "माझ्या अंगणात पुन्हा पाय ठेवू नका." खड्डा त्यानेच खणला होता. फावडं भिंतीला टेकवून तो तसाच बोडक्याने निघून गेला होता.

त्या खड्ड्यात बिर्के होती.

बिर्केसारखी कुत्री त्या पंचक्रोशीत दुसरी नव्हती. पाण्यात शिरायची, काट्यात शिरायची, जखमी पक्षी तोंडात असा धरून आणायची की एक पीस मोडायचं नाही. गेल्या वर्षीच्या शेवटच्या हाक्याला वाळुंजांच्या चराशी, त्या झाडांखालच्या नाल्याशी, ती पडली. धुकं इतकं दाट होतं की शेजारच्या माणसाची टोपी दिसेना. चराच्या या अंगाला बांधाखाली एवाल्ड, त्या अंगाला क्लेमेन्स वेसलिंग. बार झाले, किती झाले हे धुक्यात कोण मोजतंय, आणि मग बिर्के एकदाच ओरडली.

क्लेमेन्स सगळ्यांच्या आधी तिथं पोचला होता. गेझीने धापा टाकत आली तेव्हा तो एवाल्डच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. "होतं असं कुणाकडूनही, एवाल्ड," तो म्हणत होता. "धुकं आहे, वय आहे, डोळे आहेत. माझी तर बंदूक उघडीच होती, मी बार काढलाच नाही. पण इथं कुणी तुला एक शब्द बोलणार नाही, मी सांगून ठेवतो." एवाल्डने उडत्या फेझंट कोंबड्यावर दोन्ही नळ्या रिकाम्या केल्या होत्या, हे त्याला स्वतःला माहीत होतं. वर मारलेला छर्रा खाली कसा गेला हे त्याला कळत नव्हतं. पण क्लेमेन्ससारखा माणूस म्हणतो म्हटल्यावर त्याने मान डोलावली. मोठ्या मनाने क्षमा करणाऱ्याला कोण विचारणार, की बाबा रे, तू कुठं होतास?

क्लेमेन्सची पशुखाद्याची गिरणी होती. त्या सगळ्या शिवाराच्या शिकारीचा पट्टाही त्याच्याच नावावर. कुणाला बोलवायचं, कुणाला नाही, हे तो ठरवायचा. उंच, देखणा, खणखणीत आवाजाचा माणूस. त्याच्यासारखी शिकारीची गोष्ट कुणाला सांगता येत नसे, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

गेझीनेने वर्षातले दहा महिने एवाल्डचा राग राग केला. मग सप्टेंबरात तिच्या गोठ्याच्या काचेवर एक घुबड आपटून मेलं. पांढऱ्या तोंडाचं, फार देखणं. ते घेऊन ती होल्टकांपबाईंकडे गेली. या बाई मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरतात आणि हात चालू असताना तोंडही चालू ठेवतात.

"क्लेमेन्सने गेल्या नोव्हेंबरात आणलेला तो कोंबडा केवढा त्रासाचा होता म्हणून सांगू!" बाई म्हणाल्या. "सगळे छर्रे एका अंगाला, डाव्या मांडीत. छाती कोरी. आणि शेपटीची दोन लांब पिसं मुळातून उपटलेली. कुत्र्याने धरली असणार. मी दुसऱ्या पक्ष्याची लावून दिली. जोड कळतो का बघ बरं, टोन्नेच्या खानावळीत टांगलाय."

गेझीने घुबड तिथंच ठेवून निघाली. घरी आली, कपाटाचा खण उघडला आणि रुमालात गुंडाळलेली दोन लांब पिसं बाहेर काढली. त्या दिवशी बिर्केचे दात उघडून तिनेच ती काढली होती. तेव्हा तिला वाटलं होतं, कोंबडा निसटला, पिसं तेवढी राहिली. बिर्केलाही डाव्याच अंगाला लागलं होतं.

त्या संध्याकाळी तिने गाईंचं दूध काढलं, पण गाईंनाही कळलं असावं की आज हात वेगळे आहेत. तिला क्लेमेन्सचं तोंड फोडायचं होतं. गिरणीत जायचं, पोत्यांच्या थप्पीपुढे, त्याच्या माणसांसमोर. पण मग तो हसला असता. "दोन पिसांवरून, गेझीने?" आणि पुन्हा मोठ्या मनाने तिच्याही खांद्यावर हात ठेवला असता. तो हात तिला नको होता. तिला ते त्याच्या स्वतःच्या तोंडून हवं होतं, सगळ्यांदेखत, एवाल्डकाकांदेखत, आणि तेही तो सगळ्यात उंच बसलेला असेल तेव्हा.

म्हणून ती थांबली. दोन महिने तिने क्लेमेन्सशी इतकं गोड बोलून घेतलं की तिची तिलाच किळस आली. आणि हाक्यानंतरच्या जेवणात गमतीचं शिकारकोर्ट बसतं, त्यात यंदा फिर्यादी कोण, असं टोन्नेने विचारलं तेव्हा तिने हात वर केला.

*

सकाळी ओढ्याच्या पुलाशी सगळे जमले. दहा-बारा माणसं, सात-आठ कुत्री, श्वासांची वाफ, ओल्या लोकरीचा वास. खानावळवाला टोन्ने शिंग पुसत होता. पोट एवढं की शिंग त्यावर टेकवूनच वाजवायचा. एवाल्डला पाहून दोघातिघांनी नजर फिरवली. टोन्नेने मात्र सरळ मिठीच मारली.

क्लेमेन्स पुढं आला. "अरे वा, एवाल्ड! बरं केलंस. शूर आहेस बाबा." आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "फक्त एक कर, कुत्र्यांपासून जरा लांब चाल हं. म्हणजे कुणाच्या पोटात गोळा नको." काहीजण ओशाळं हसले. एवाल्डनेही हसण्याचा प्रयत्न केला, आणि तो प्रयत्न पाहून गेझीनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्याचं बोलणं नेहमीचंच आहे," टोन्ने तिच्या कानाशी पुटपुटला. "एवढी दातओठ का खातेयस?"

"थंडी आहे," ती म्हणाली.

क्लेमेन्सने दरवर्षीचे नियम सांगितले. फक्त कोंबडे मारायचे, मादीला हात लावायचा नाही. आकाश दिसेल तरच बार. आणि पायदळाला अभय. पळत्या फेझंटला हे लोक पायदळ म्हणतात. पंख असून जमिनीवरून धावणाऱ्या पक्ष्याला मारणं म्हणजे नाक कापून घेणं, आणि त्याच्या मागं कुत्रं असतं म्हणून धोक्याचंही.

हाका सुरू झाला. काठ्या झुडपांवर आपटत होत्या. "कोंबडा! कोंबडा!" अशी आरोळी उठायची, मग तो लालतांबडा पक्षी फडफडत वर चढायचा, लांब शेपटी मागे ओढत. बार व्हायचा. पक्षी पडला की शेजारचा माणूस टोपी काढून म्हणायचा, "शिकार फळो!" आणि ज्याने मारला तो टोपीला हात लावून उत्तर द्यायचा, "फळली!" हे उत्तर त्या लोकांच्या हाडात मुरलेलं. एकदा टोन्नेच्या पोरीच्या लग्नात कुणीतरी चावटपणे नवऱ्यामुलाला म्हणालं, "शिकार फळो!" तर नवरा लाजून गप्प, आणि तिसऱ्या बाकावरून क्लेमेन्सच खणखणीत ओरडला, "फळली!" पाद्रीसुद्धा हसला होता. मोठा मानाचा शिकारी, शब्द कानावर पडला की उत्तर तयार.

दुपारनंतरच्या हाक्यात गेझीने एका बांधाशी उभी होती. डिस्टल, बिर्केची लेक, तिच्या पायाशी थरथरत बसलेली. इतक्यात मोहरीच्या शेतातून एक कोंबडा बाहेर आला. उडाला नाही. डोकं खाली घालून बांधाच्या कडेने पळत सुटला, आणि त्याच्या मागं, हातभर अंतरावर, क्लेमेन्सचा ग्राफ. राखाडी, दाढीवाला, जीव तोडून धावणारा.

बंदूक तिच्या खांद्याला लागली ती कधी, हे तिला कळलं नाही. आसपास कुणी नव्हतं. एक बोट. मग तीही धावत गेली असती, तीही म्हणाली असती, होतं असं कुणाकडूनही. क्लेमेन्स गुडघे टेकून चिखलात बसलेला तिला दिसला, आणि ते चित्र तिला फार आवडलं, इतकं की तिने ते हवं होतं त्यापेक्षा जास्त वेळ बघितलं.

ग्राफ तिच्या समोरून निघून गेला. तिने बंदूक खाली केली. कुत्र्याचं काय चुकलं होतं? आणि शिवाय, असं केलं असतं तर क्लेमेन्सला फक्त दुःख झालं असतं. तिला त्याचं दुःख नको होतं, त्याची लाज हवी होती.

वाळुंजांचा चर शेवटच्या हाक्याला, दरवर्षीसारखाच. एवाल्ड तिथं पोचला आणि काठी धरून नुसता उभा राहिला. त्याच्याने पुढं पाऊल टाकवेना. गेझीने त्याच्या शेजारी गेली, त्याच्या दंडाला धरलं आणि दोघं चर ओलांडून गेली. चराच्या कडेला फरची चार झाडं होती. जाता जाता तिने दोन डहाळ्या मोडल्या आणि खिशात घातल्या.

*

टोन्नेच्या खानावळीत भट्टी पेटलेली होती. केलची भाजी, सॉसेज, उकडलेले बटाटे, मोहरी, आणि लहान लहान ग्लासांत श्नाप्स. कुत्री टेबलांखाली पसरली होती. भिंतीवर, क्लेमेन्सच्या डोक्याच्या बरोबर वर, तो कोंबडा टांगलेला, मान ताठ, शेपटी हातभर लांब. क्लेमेन्सनेच तो खानावळीला भेट दिला होता आणि तेव्हापासून त्याच्याखालचीच खुर्ची धरली होती. आज सगळ्यात जास्त पक्षी त्याचेच, म्हणजे तोच शिकारराजा.

टोन्नेने फरशी पुसायच्या कुंच्याची दोरं न्यायाधीशाच्या टोपासारखी डोक्यावर घेतली, हातात डाव धरला आणि टेबलावर आपटला. "शिकारकोर्ट बसलं! इथं नाही म्हणेल त्याला दुप्पट दंड! कबूल करेल त्याने एक फेरी पाजायची!"

आधी किरकोळ माल निघाला. दाताच्या डॉक्टराने ऐन वेळी शिंक दिली म्हणून चार कोंबडे वाचले, दोषी. कुणाचा तरी बूट चिखलात राहिला आणि तो मोज्यावर परत आला, दोषी. लोक टेबलं बडवत होते, श्नाप्स फिरत होती.

"पुढचा आरोपी, राजेसाहेब वेसलिंग!"

गेझीने उठली. 

"मायबाप कोर्ट, माझी तक्रार भिंतीवरच्या त्या पक्ष्याबद्दल आहे. आरोपी वर्षभर सांगतोय की हा कोंबडा त्याने पॉप्लरच्या शेंड्यावरून पाडला. ही गोष्ट त्याने इथं इतक्यांदा सांगितली की कोंबडा दर वेळी जरा जरा वर जात गेला. ख्रिसमसला तर तो ढगांत होता."

हशा. क्लेमेन्स खुशीत मागं रेलला.

"माझं म्हणणं एवढंच की हा कोंबडा जन्मात उडाला नाही. तो दुधाच्या टँकरखाली मेला, आणि राजेसाहेबांनी तो रस्त्यावरून उचलला."

खानावळ कोसळली. कुणीतरी "पों पों" केलं. क्लेमेन्स हसला, पण अर्ध्या तोंडाने.

"पुरावा!" टोन्नेने डाव आपटला.

"होल्टकांपबाईंना विचारा. वर उडत्या पक्ष्याला छर्रे कुठं लागतात? छातीत, पोटात. याची छाती कोरी आहे. जे काय लागलं ते डाव्या मांडीत. म्हणजे बंपर लागला."

"टँकर! टँकर!" सगळे ताल धरून ओरडू लागले. "डाव्या बाजूचा टँकर!"

"अरे गाढवांनो, मी मारलाय तो!" क्लेमेन्स लाल झाला होता.

"रस्त्यावर पडलेला पक्षी उचलायचा, भुसा भरायचा आणि वर राजा म्हणवून घ्यायचं," गेझीने म्हणाली. "कठीण आहे बाई."

"माझ्या बंदुकीने, माझ्या छर्‍याने मारलाय!"

"मग मांडीत कसा लागला रे? उलटा उडत होता का?"

पुन्हा "पों पों". क्लेमेन्सने आजूबाजूला पाहिलं. सगळ्या आयुष्यात त्याला लोक असे हसले नव्हते. रस्त्यावरचा पक्षी म्हणजे जन्माची टवाळी, आणि पायदळ म्हणजे एक फेरी श्नाप्स. त्याने हात वर केले.

"बरं बाबांनो, पळत होता! पायदळ! झालं समाधान?"

असा कल्लोळ झाला की कुत्री भुंकायला लागली. क्लेमेन्सच्या तोंडावर पुन्हा रंग आला. एकदा कबूल केल्यावर आता गोष्ट नीट सांगायला हवी, असं त्याच्यातल्या गोष्टीवेल्हाळाला वाटलं असणार.

"कुठं पळत होता?" गेझीनेने हळूच विचारलं.

"वाळुंजांच्या चरात. धुक्यातून असा सुसाट आला, डोकं खाली, शेपटी ही एवढी! तीस पावलांवर, एकच बार. टँकर म्हणे! असा बार तुमच्यापैकी एकाने तरी काढून दाखवा."

"दोषी!" टोन्ने ओरडला. "एक फेरी!"

"थांबा," गेझीने म्हणाली. "दंड ठीक. पण मारला तर मारला, शिकाऱ्याला द्यायची मानाची डहाळी राजेसाहेबांना मिळाली नव्हती ती मिळायला हवी." तिने स्वतःची टोपी उलटी धरली, खिशातून फरची एक डहाळी काढून तिच्यावर ठेवली आणि रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी पुढं केली. "वाळुंजांच्या चरातल्या पायदळाबद्दल. शिकार फळो, क्लेमेन्स!"

क्लेमेन्स उठला, टाचा जुळवल्या. "फळली!" आणि डहाळी उचलून ताटाशेजारच्या आपल्या टोपीच्या उजव्या अंगाला खोवली.

टेबलाच्या टोकाला एवाल्डने काटा खाली ठेवला.

तो आवाज लहान होता, पण टोन्नेने तिकडं पाहिलं. मग दाताच्या डॉक्टराने पाहिलं. तो चर वर्षातून एकदाच हाकतात. गेल्या वर्षी तिथं दोनच माणसं उभी होती. हसणं एकेका खुर्चीवरून विझत गेलं, आणि सगळ्यात शेवटी क्लेमेन्सच्या लक्षात आलं की आपण एकटेच हसतो आहोत.

गेझीनेने आतल्या खिशातून रुमाल काढला, उघडला, आणि दोन लांब पिसं त्याच्या ताटात, भाजीच्या कडेला ठेवली.

"तुझ्या कोंबड्याची ही दोन पिसं. वर लावलीत ती दुसऱ्या पक्ष्याची आहेत. ही खरी. बिर्केच्या दातांतून मी काढली होती."

 तिने टोपी पुन्हा उलटी धरली आणि दुसरी डहाळी वर ठेवली.

"आणि ही, त्या कोंबड्याची शेपटी धरून जी पळत होती तिच्याबद्दल. शिकार फळो, क्लेमेन्स."

"फळली," क्लेमेन्स म्हणाला.

हात टोपीपर्यंत गेला होता. तो तिथंच राहिला. आपण काय बोललो हे त्याच्या कानात शिरायला थोडा वेळ लागला, आणि ते शिरताना गेझीनेने पाहिलं. डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत एकेक गोष्ट खाली घसरली. दोन महिने तिने याचीच वाट पाहिली होती. तिने नजर हलवली नाही, पापणीही मिटली नाही.

"अरे, कोर्ट आहे हे," क्लेमेन्स म्हणाला. "गंमत... कोर्टात आपण काय वाटेल ते..."

टोन्नेने डोक्यावरची दोरं काढली आणि डावाशेजारी ठेवली. "कोर्ट उठलं," तो म्हणाला. "आता बोल."

 बोलला तो एवाल्ड, आणि तोही असं काही विसरलेलं आठवत असल्यासारखा.

"तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. बिर्के अजून गरम होती. कोंबडा तुझ्या पिशवीत होता, आणि तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास."

"एवाल्ड, ऐक. तुझं वय झालं होतं. डोळे गेले होते. तू तसाही एक-दोन वर्षांत शिकार सोडणारच होतास. मला इथं हे सगळं चालवायचं असतं, पट्टा आहे, माणसं आहेत... मला वाटलं, तुझं त्यात फार काही जाणार नाही." तो टेबलाला वळसा घालून आला आणि त्याचा हात सवयीनेच वर उठला, एवाल्डच्या खांद्याकडं.

एवाल्डने खांदा काढून घेतला. फक्त एवढंच. हात हवेत राहिला, मग खाली आला.

क्लेमेन्सने शीळ घातली. ग्राफ टेबलाखालून उठला, आळस दिला आणि त्याच्या मागोमाग गेला. कुत्र्यांना असल्या गोष्टी कळत नाहीत, आणि तेच बरं आहे. दार बंद झालं. टोपी ताटाशेजारी राहिली होती, डहाळी खोवलेली. ती नेऊन द्यायला कुणी उठलं नाही.

 गेझीने खाली बसली. मन हलकं झालं का, असं तिने स्वतःला विचारून पाहिलं. हलकं नव्हतं. भरलेलं होतं, पोट भरावं तसं, आणि तिला लाज वगैरे काही वाटली नाही.

"टोन्ने, आणखी एक सॉसेज आण," ती म्हणाली. "आणि मोहरी."

बाहेर पडताना एवाल्डने गेझीनेच्या टोपीवर राहिलेली दुसरी डहाळी उचलून खिशात ठेवली. रस्त्यावर आल्यावर तो म्हणाला, "तूही म्हणाली होतीस, माझ्या अंगणात पाय ठेवू नका."

"म्हणाले होते."

"वर्षभर ऐकलं मी ते, रोज."

 डिस्टल दोघांच्या मधून चालत होती.

"उद्या सकाळी ठेवतो पाय," एवाल्ड म्हणाला. "ही डहाळी बिर्केपाशी ठेवायची आहे. कॉफी कर, पण नेहमीसारखी पांचट नको."

क्लेमेन्स त्यानंतर खानावळीत आला नाही. पुढच्या महिन्यात त्याने गिरणीतल्या माणसाकरवी निरोप धाडला की कोंबडा परत हवा आहे. टोन्नेने निरोप्याला श्नाप्स पाजली आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. मग स्टुलावर चढून त्याने शेपटीतली उसनी दोन पिसं उपटली आणि दातांच्या खुणा असलेली ती खरी दोन तिथं बसवली. जरा वाकडी बसली. त्याने ती तशीच राहू दिली.

आता त्या खुर्चीत एवाल्ड बसतो. परका कुणी आला, एवढी शेपटी पाहून थबकला आणि विचारलं की हा कोंबडा कुणी धरला, तर तो पत्त्यांवरून नजर न काढता सांगतो.

"बिर्केने."